गेनूबाबांची हाळी आणि आमच्या वाडीचा कंटेनर

नमस्कार. इथले अनुभव मी बरेच महिने नुसते वाचतोय, लिहायला मात्र आज पहिल्यांदाच बसलोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

हॉस्टेलवर भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की डोक्यावर पांघरूण घेऊन झोपणारा मुलगा मी होतो. भीतीनं नाही, कंटाळ्यानं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एवढं शिकून असल्या गोष्टी मानायच्या असतील तर शिकायचं कशाला, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. म्हणून हे लिहिताना लाज वाटतेय... पण कुणाला तरी सांगायलाच हवं.

आमची मूळ वाडी घोड नदीच्या काठची. डिंभ्याचं धरण भरलं तेव्हा ती पाण्याखाली गेली आणि आम्हाला तालुक्याच्या पूर्वेला, लोणीच्या बाजूला जागा मिळाली. मी तेव्हा अगदी लहान होतो. नव्या जागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्याच पावसाळ्यात आई तापानं गेली. तिचा फोटो नाही. लग्नातला एक होता म्हणे, तो सामान हलवताना ट्रकमधून कुठेतरी पडला. वडील मंचरच्या मार्केटमध्ये हमाली करायचे. ते मुळात कमी बोलायचे आणि आईबद्दल तर अजिबात नाही. मला वाढवलं आत्यानं. नवऱ्यानं टाकल्यामुळे ती माहेरीच असायची. म्हणजे आई कशी होती हे मला कळायची एकच जागा, ती म्हणजे आत्याचं तोंड.

मी बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला असताना घोडेगावात एका छोट्या संस्थेत अर्धवेळ काम मिळालं. खताच्या दुकानावर एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि संस्था चालवणारे आमचे सर. धरणात गेलेल्या वाड्यांमधली आणि आजूबाजूची म्हातारी माणसं काय गातात, काय सांगतात, ते रेकॉर्ड करून ठेवायचं, हे संस्थेचं काम. पण लोडशेडिंगनं एकामागून एक हार्डडिस्क जायला लागल्या. मग कुणीतरी देणगीदारानं परदेशातल्या एका कंपनीची क्लाउड स्टोरेजमधली जागा घेऊन दिली. तेव्हा हे सगळं अगदी नवीन होतं. मी कॉम्प्युटरचा विद्यार्थी, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

काम सोपं होतं. आधी कंटेनर बनवायचा, म्हणजे इंटरनेटवरचा एक मोठा डबाच समजा. एका वाडीला एक कंटेनर. त्याला नाव द्यायचं आणि सेटिंगमध्ये ‘आर्काइव्ह’ निवडायचं. आर्काइव्ह म्हणजे रोज न लागणारा, वर्षानुवर्षं नुसता पडून राहणारा डेटा. त्याला भाडं कमी. पण परत मागितला तर लगेच मिळत नाही, अर्ध्या दिवसाच्या वर वाट बघावी लागते. फाइल्स चढल्या की इथल्या कॉपी पुसायच्या, कारण नव्या रेकॉर्डिंगला जागा लागायची. आणि सगळ्यात शेवटी कुलूप. ते एकदा लावलं की दहा वर्षं त्या कंटेनरमधली एकही फाइल कुणाला बदलता येत नाही की पुसता येत नाही — आम्हालाही नाही, कंपनीलाही नाही. कुलूप लावायचं बटण सर स्वतः दाबायचे. त्यांना ते फार आवडायचं. “अमर केलं एकेकाला,” असं म्हणायचे.

पहिला कंटेनर भरला तो निमगाव सावाच्या बाजूच्या एका धनगरवाडीचा. तिथल्या गेनूबाबांची हाळी मीच रेकॉर्ड केली होती. ज्यांनी ऐकली नाही त्यांना सांगणं अवघड आहे. बाबा कानावर हात ठेवायचे, हनुवटी वर करायचे, आणि पोटातून एक आवाज निघायचा... आधी खाली खाली जाणारा, मग एकदम वर तुटणारा. टेकडीपलीकडची मेंढरं मान वर करून चालू लागायची. शेजारच्या दुसऱ्या कळपातलं एकही हलायचं नाही. बाबांना ही हाळी त्यांच्या वडिलांकडून आलेली. मुलाला, नानाला, ती कधी जमली नाही.

कंटेनरला रात्री कुलूप लागलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच देणगीदार पाहुणे आले. सर त्यांना हाळी ऐकवायला वाडीवर घेऊन गेले. मीही होतो. खुर्च्या मांडलेल्या, चहा झालेला. मेंढरं समोरच्या पडीक रानात चरत होती. बाबा नवं पागोटं बांधून उभे राहिले, कानावर हात ठेवला, तोंड उघडलं — आणि काहीच आलं नाही.

परत तोंड उघडलं. नुसती हवा.

“बाबा, ब्याटरी संपली काय?” मागून कुणीतरी म्हणालं आणि पोरं खिदळली.

नाना पुढं आला. “पावणं पुन्यावनं आल्यात आन तू नाटकं करतोस व्हय? रोज सकाळी सगळ्या वाडीची झोप मोडतोस की!”

“येतंय, येतंय,” बाबा म्हणाले. मग “हुर्र... ये, ये” असं काहीतरी ओरडले, कुणीही ओरडेल तसं. एका मेंढरानंही मान वर केली नाही. बाबा पुढं गेले, कळपात शिरले, तिथं उभं राहून ओरडले. मेंढरं बाजूला होऊन चरत राहिली. शेवटी ते स्वतःच्याच तोंडावर चापट्या मारायला लागले. एक, मग दुसरी, मग जोरात. पाहुण्यांमधल्या एक बाई म्हणाल्या, “राहू द्या हो, राहू द्या.” पण हसू काही थांबलं नाही. नाना तर सगळ्यांत जास्त हसत होता. रागानंच, असं मला वाटलं.

परतताना गाडीत सर पाहुण्यांना म्हणाले, “वय झालं की असंच होतं. बघा, म्हणूनच तर आपण हे जतन करतो.” पाहुण्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

पुढच्या आठवड्यात मला राहवलं नाही म्हणून एकटाच वाडीवर गेलो. बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांची शेजारीण सरूबाई पाट्यावर मिरची वाटत होती. तिचंही एक गाणं आम्ही घेतलं होतं, पोर झोपवायचं. मी सहज विचारलं, “मावशी, बऱ्या ना?”

ती वाटता वाटताच म्हणाली, “पावणं, आमचं परत द्या.”

“काय परत द्यायचं?”

“तुमच्या त्या मशिनीत गेलं त्ये. माजी नात आता पाळन्यात रडती आन मला गाणं येत न्हाई. तीन लेकरं त्याच गाण्यावर निजवली मी. तोंडात चाल बी न्हाई, शबुद बी न्हाई.”

“विसरलं असेल मावशी...”

“इसरलं म्हंजी कसं? जरा तरी ऱ्हातं की कुटं. हितं नुसती जागा ऱ्हायलीया, पोतं उचलल्यावानी.”

मी घरी आलो आणि स्वतःला समजावत राहिलो. म्हातारी माणसं विसरतात. एकाच वाडीत दोघं विसरली तर त्यात काय. पण डोक्यातून जाईना. म्हणून सरांना सांगून मी बाबांची फाइल परत मागवली. कुलूप असलं तरी ऐकायला कॉपी मिळायची. दुसऱ्या दिवशी ती आली. मी ती माझ्या चायना मोबाइलमध्ये घेतली. तेव्हा ते मोठ्या स्पीकरचे मोबाइल सगळ्यांकडं असायचे, बघा. मला वाटलं, बाबांनी स्वतःचाच आवाज ऐकला तर धागा सापडेल.

दुपारची वेळ. मेंढरं बरीच लांब, ओढ्याच्या पलीकडं. मी बाबांच्या शेजारी बसलो आणि फाइल लावली.

ओढ्यापलीकडं एकदम हालचाल झाली. पांढरं-काळं सगळं एकत्र वळलं आणि ओढ्यात उतरलं. मेंढरं धावत आली. बाबांना ओलांडून, अक्षरशः त्यांच्या पायांना घासून पुढं गेली आणि माझ्याभोवती जमली. माझ्या हातातल्या मोबाइलला नाकं लावायला लागली. एक कोकरू तर माझ्या मांडीवरच चढलं.

बाबा एकटक बघत होते. रडतील असं मला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

“कोन हाय रं ह्यो?” त्यांनी विचारलं. “लई झ्याक वरडतोय. कुठल्या वाडीचा?”

“बाबा... तुमीच हाय.”

“ह्या! माजी चेष्टा करतो व्हय रं पोरा?”

नाना आवाज ऐकून घरातून धावत आला. “ब्लूटूथ हाय का तुझ्यात?” एवढंच म्हणाला. फाइल त्याच्या मोबाइलवर गेली. त्यानं लगेच वाजवून बघितली, आणि कळप माझ्यापासून उठून त्याच्याकडं गेला. नाना खूश. “जमलं! आता म्हाताऱ्याची गरजच न्हाई,” असं तो हसत हसत म्हणाला, बाबांच्या समोर. तेव्हापासून तो मेंढरं मोबाइलवरच हाकतो. बाबा घरी बसतात. मेंढरं त्यांना ओळखत नाहीत.

त्या दिवशी एसटीत बसल्यावर मी पहिल्यांदा पुढच्या कामाचा विचार केला. पुढचा कंटेनर आमच्या वाडीचा होता. आणि त्यात आत्या होती.

आत्यानं त्यात आईची गोष्ट सांगितली होती. वाडी सोडायच्या दिवशी आईनं घरातल्या चुलीतला विस्तव फुटक्या मडक्यात घेतला. नव्या घरची चूल जुन्या विस्तवावरच पेटवायची, असं तिनं ठरवलेलं. ट्रकमध्ये सगळ्या बायका रडत होत्या आणि ही एका हातानं मला धरून दुसऱ्या हातानं मडक्यात काटक्या टाकत होती. वाटेत मडकं तापलं, तळहात भाजला, तरी सोडलं नाही. आत्यानं “टाक की गं ते” म्हटल्यावर आई म्हणाली होती, “वन्सं, घर बुडालं, आता चूल बी बुडवू का?” आणि हसली होती. ते हसणं आत्या करून दाखवायची. तेवढं हसणं म्हणजे माझी आई.

फाइल कंटेनरमध्ये चढली होती, इथली कॉपी पुसलेली. फक्त कुलूप लागायचं बाकी होतं. मी सरांकडं गेलो.

“सर, आत्याची फाइल काढून घेऊ का? कुलूप लावायच्या आधी.”

“का रे? आवाज खराब आहे?”

मी खोटं बोलू शकलो असतो. पण गेनूबाबांचं, सरूबाईचं सगळं सांगून टाकलं. सर मला शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि मग मोठ्यानं हसले.

“कॉम्प्युटर शिकतोस ना तू? की देवऋषीपण शिकतोस? उद्या म्हणशील, फोटो काढला की आयुष्य कमी होतं!”

“तसं नाही सर...”

“अरे, तुम्हा लोकांना वर काढायला आम्ही मरमर मरतो, आणि तुम्ही कॉलेजात जाऊनही तिथंच. घे काढून. तुझ्या घरची बाई आहे. ने तुझी आत्या, ने! पण परवा कुलूप लावणार म्हणजे लावणार.”

‘तुम्हा लोकांना’ हे मला लागलं. पण मी खाली मान घालून फाइल मागवली, वाट बघितली, सीडीवर घेतली आणि कंटेनरमधून पुसून टाकली. सीडी वहीत घालून घरी नेली आणि कपाटात ठेवली. आता आत्याला काही होणार नाही, असं वाटलं.

सरांनी कुलूप लावलं त्या संध्याकाळी मी घाईघाईनं घरी गेलो. लाइट गेलेली. आत्या ओट्यावर लसूण सोलत होती. मी एसटी स्टॉपवरून दामटलेली सायकल टाकली आणि धापा टाकत विचारलं, “आत्या, आईची ती विस्तवाची गोष्ट सांग ना.”

“आल्या आल्या? पानी तरी पी की.”

“सांग ना.”

तिनं सांगितली. सगळी. मडकं, काटक्या, भाजलेला हात. आणि ते हसणंही करून दाखवलं, तसंच्या तसं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. सर बरोबर होते आणि मी येडा होतो, असं त्या क्षणी मला मनापासून वाटलं. आणि आनंदही झाला.

आत्यानं माझ्या केसांतून हात फिरवला. “आता तुजं सांग.”

“माझं काय?”

“तुजं. आईचं.”

“मला काय आठवणार? मी केवढा होतो तेव्हा.”

तिचा हात थांबला. “सुन्या, चेष्टा करतो का?”

“नाही गं. काय?”

“आरं, ल्हानपनापास्नं मी माजं सांगते आन मग तू तुजं सांगतो. रोज. तवा कुटं तू झोपायचा. तुला आईचं येकच ध्येनात व्हतं, तेवडं येकच. त्या दिशी मशिनीपुडं बी आदी तूच बोलला.”

“मी?”

“मंग! मी म्हनलं न्हाई का, ती तुजी आई. मी नणंद. लेकरू समोर असताना भावजयीचं पैलं नाव मी कसं काडू? आदी तू बोल. तवा तू बोलला आन मग मी बोलले.”

ते खरं होतं. रेकॉर्डर माझ्या हातात होता, आत्या पदर तोंडाला लावून “आदी तू” म्हणत होती, हे मला अजूनही लख्ख दिसतं. मी तोंड उघडलं तेही दिसतं. त्यापुढं...

“काय बोललो होतो मी?”

आत्यानं माझं डोकं मांडीवरून उचलून मला समोर बसवलं. मग हलकेच म्हणाली, “म्या सांगून कसं चालंल? ते तुजं व्हतं.”

सरूबाई पोत्याचं म्हणाली होती ते मला तेव्हा कळलं. मी आत चाचपत होतो आणि नुसती जागा लागत होती. त्या कंटेनरच्या यादीत आत्याच्या वरची माझी एक छोटी फाइल मी बघितली असणार. तीत काय आहे हेही मला तेव्हा ठाऊक असणार. मग ती का सोडली? म्हाताऱ्यांचंच जातंय असं वाटलं असेल. किंवा आत्याच्या काळजीत मला मीच आठवलो नसेन. आता खात्रीनं काहीच सांगता येत नाही.

मी ती फाइल मागवली. आली. मोबाइलमध्ये घेतली आणि आत्याला जवळ बसवून लावली.

माझाच आवाज होता. जरा घाबरलेला. तो म्हणत होता — मला आईचं एकच आठवतं. मी गोधडीत आहे. अंधार आहे. तिच्या पायातलं एक जोडवं सैल होतं, ते फरशीवर वाजायचं. ती जवळ आली की टक टक जवळ यायचं. मी मुद्दाम डोळे मिटून घ्यायचो. मग ती वाकायची, माझ्या कपाळाला तिचे ओले हात लागायचे, आणि ती म्हणायची, “जागा हाय चोर.” एवढंच, एवढंच आठवतं, असं म्हणून तो आवाज थांबला. नाक ओढल्याचा आवाज आला. मग आत्याचा आवाज, लांबून — “रडू नको रं.”

माझ्या शेजारी आत्या हमसून हमसून रडत होती. मी तिच्याकडं बघत होतो. मला काही झालं नाही. मयतीला आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा मी बसून राहिलो आणि ती कधी थांबेल याची वाट बघत राहिलो. कुणाची तरी आई. कुणाचं तरी जोडवं. गेनूबाबांसारखं मीही विचारणारच होतो, कोण आहे हा? चांगलं सांगतोय.

त्यानंतर मी ती फाइल खूप वेळा ऐकली आहे. पाठ झाली आहे. पाठ झालेलं आणि आठवणारं यात केवढा फरक असतो ते मला आता माहीत आहे.

संस्थेतलं काम मी सोडलं. सरांना कारण सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, इतक्या लहान वयातलं कुणालाच आठवत नाही, तुझी ती आठवण आत्याच्या बोलण्यातूनच बनलेली असणार, एखाद्या ताणानं निसटली असेल. पटण्यासारखं आहे. पण आत्या शपथेवर सांगते की जोडव्याचं तिला माहीत नव्हतं, ते मीच तिला सांगितलं होतं. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. आमच्या गावातल्या एकानं कोंबडं कापायला सांगितलं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

सर अजून कंटेनर बनवतात, असं ऐकतो. त्यांना एकदा पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही.

इथं बरीच शिकलेली, जाणती माणसं आहेत म्हणून विचारतो. कुलूप दहा वर्षांचं आहे. ते निघालं की ती फाइल पुसायचा हक्क आम्हाला मिळेल, आणि पुसली तर आतलं माझ्याकडं परत येईल असं मला कधी कधी वाटतं. पण तसं झालं नाही तर? मग आईचं तेवढंही कुठंच राहणार नाही, ना त्या डब्यात, ना माझ्यात. आणि मोबाइलमधली कॉपी तशीच ठेवली, तर ती फाइल पुसलीच कुठं?

आत्याला विचारलं. ती म्हणाली, “मला नको इचारू. ती तुजी आई.”

पुसायचं बटण दाबायची वेळ येईल तेव्हा तिथं मलाच बसावं लागणार आहे. आणि जिच्यासाठी ते दाबायचं ती मला आठवत नाही.